वैऱ्याशी बोलावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाचे आमंत्रण देताना चिटणीसबाईंनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली. आहार, बालसंगोपन, घरखर्च, आरोग्य या विषयांवर आपल्या व्यासपीठावरून पुष्कळ जाणत्या स्त्रिया बोलून गेल्या आहेत. त्यांत मी भर घालावी असे माझ्यापाशी काही नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवीत आले. म्हणून इतिहासातलाच, पण वर्तमानपत्र उघडले की वारंवार आपल्यापुढे येणारा एक प्रश्न मी आज घेतला आहे. ज्यांनी आपली माणसे मारली, त्यांच्याशी सरकारने बोलणी करावीत काय?

हा प्रश्न राजधानीतल्या मुत्सद्द्यांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु बोलणी फसली तर लढायला जाणारा मुलगा कोणाचा असतो? बोलणी यशस्वी झाली आणि कैदी सुटले, तर ज्याने आपला नवरा मारला तो बाजारात समोर येण्याचा प्रसंग कोणावर येतो? मुत्सद्दी कागदावर सही करून घरी जातात. त्या सहीचे बरेवाईट फळ घराघरांतून भोगावे लागते. तेव्हा या प्रश्नावर बायकांनी विचार केला तर तो अधिकपणा ठरू नये.

प्रश्न तसा फार जुना आहे. कृष्णशिष्टाईची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. युद्ध टळावे म्हणून पांडव पाच गावांवर समाधान मानायला तयार झाले, आणि एरवी गदा उगारणारा भीमसुद्धा त्या दिवशी सामाची भाषा बोलू लागला. तेव्हा द्रौपदी आपला केशसंभार हाती धरून कृष्णापुढे आली आणि, ज्यांनी भरसभेत हे केस ओढले त्यांच्याकडे तह मागायला निघाला आहेस हे विसरू नकोस, अशी आठवण तिने त्याला दिली. कृष्णाने तिचे म्हणणे पूर्ण ऐकले, तिचे सांत्वन केले, आणि तरीही तो हस्तिनापुरास गेला. कथा सांगताना आपण कृष्णाचे जाणे सांगतो, पण द्रौपदीचे बोलणे पुष्कळदा गाळतो. मला त्या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवाव्याशा वाटतात. बोलायला जाणाराही हवा, आणि जिच्यावर अन्याय झाला तिचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याने जाता कामा नये. आज मी जी उदाहरणे सांगणार आहे, त्यांतून माझे म्हणणे एवढेच आहे.

प्रथम, बोलू नये असे म्हणणाऱ्यांची बाजू नीट पाहू. ती बाजू पोरकट नाही. ते म्हणतात, ज्याने बंदूक चालवली त्याला खुर्ची दिली, तर ज्याने कधीच बंदूक धरली नाही त्या सरळ माणसाचा तो अपमान होतो. ते म्हणतात, एकाला रक्त सांडून काही मिळाले की दुसरा तेच शिकतो. आणि ते असेही म्हणतात की अशा माणसाच्या शब्दाला किंमत नसते.

या वादात म्युनिकचे नाव नेहमी निघते. ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिक शहरी ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांनी हिटलरशी करार करून चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत त्याच्या पदरात टाकला. युद्ध टळले म्हणून लंडनमध्ये आनंदीआनंद झाला. पुढच्या मार्च महिन्यात हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले आणि सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलेच. तेव्हापासून कोणीही वैऱ्याशी बोलायला निघाला की लोक त्याला म्युनिकची आठवण देतात.

आपल्याकडचे उदाहरण कंदाहारचे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवले गेले. एका प्रवाशाला चाकूने मारण्यात आले. उरलेल्यांचे नातेवाईक दिल्लीत आक्रोश करीत होते आणि काहीही करा पण आमची माणसे आणा म्हणत होते. आठव्या दिवशी, ३१ डिसेंबरला, तीन कैदी सोडून प्रवासी परत मिळाले. त्या तिघांपैकी मसूद अझहर याने पुढच्याच वर्षी जैश-ए-मोहम्मद ही संघटना उभी केली, आणि तिने आपल्या देशात किती घरे उजाड केली ते आपण जाणतो. त्या नातेवाइकांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्या ठिकाणी मी असते तर मीही तेच म्हटले असते. पण गळ्यावर सुरी ठेवून झालेला सौदा आणि बोलणी या दोन गोष्टी निराळ्या आहेत. सौद्यात सुरी धरणाऱ्याला हवे ते मिळते आणि तो निघून जातो. त्याच्यावर पुढचे कसलेच बंधन राहत नाही.

आपल्या मंडळाच्या वाचनवर्गात हा विषय निघाला होता, तेव्हा एका भगिनीने मला विचारले, "बाई, माझा दीर सव्वीस नोव्हेंबरच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेला. गाडीची वाट पाहत उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. ज्यांनी ती माणसे पाठवली त्यांच्याशी चहा पीत बोलायचे, असे तुम्ही आम्हाला सांगणार आहात का?" वर्ग शांत झाला. मी तिला म्हटले, "नाही ताई, असे मी सांगणार नाही. पण तुझ्यासारख्याच बायका दुसऱ्या एका देशात या प्रश्नाशी तीस वर्षे झगडल्या. त्यांनी काय केले आणि त्यांना काय सोसावे लागले, ते सवडीने सांगेन." ती सवड आज मिळाली आहे.

तो देश म्हणजे उत्तर आयर्लंड. त्या काळी लोकसंख्या सुमारे पंधरा लाख, म्हणजे मुंबईच्या दोन-तीन उपनगरांत मावेल एवढी. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली तेव्हा हा ईशान्येचा तुकडा ब्रिटनकडे राहिला. तेथे प्रॉटेस्टंट बहुसंख्य. त्यांना ब्रिटनमध्येच राहायचे होते. कॅथलिक अल्पसंख्य. त्यांच्यापैकी पुष्कळांना दक्षिणेकडच्या आयर्लंडशी एक व्हायचे होते. घरांच्या वाटपात, नोकऱ्यांत आणि मतदानाच्या नियमांत कॅथलिकांवर अन्याय होई. १९६० नंतरच्या दशकात त्याविरुद्ध चळवळ झाली, ती दडपली गेली, आणि मग दोन्हीकडून शस्त्रे निघाली. एका बाजूला आयरिश रिपब्लिकन आर्मी, म्हणजे आय.आर.ए., दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंटांच्या सशस्त्र टोळ्या, आणि मध्ये ब्रिटिश सैन्य. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात सैन्याने मोर्च्यावर गोळीबार केला. तेरा माणसे जागीच गेली, चौदावा पुढे दगावला. सुमारे तीस वर्षांत एकूण साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. एवढ्या लहान मुलखात ज्याच्या ओळखीचे कोणी गेले नाही, असा माणूस सापडणे कठीण.

या काळात बोलण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. जुलै १९७२ मध्ये ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी आय.आर.ए.च्या पुढाऱ्यांना गुप्तपणे लंडनला आणून त्यांच्याशी बोलणी केली. पुढाऱ्यांनी अशक्य मागण्या मांडल्या आणि बैठक फुकट गेली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला बेलफास्टमध्ये आय.आर.ए.ने तासा-दीड तासात वीसएक बॉम्ब फोडले आणि नऊ माणसे मारली. यावरून बोलणी व्यर्थ आहेत असे पुष्कळांचे ठाम मत झाले, आणि त्यांना दोष देता येत नाही.

१० ऑगस्ट १९७६ रोजी बेलफास्टच्या रस्त्यात एक आई आपल्या मुलांना घेऊन चालली होती. आय.आर.ए.च्या एका तरुणाच्या मोटारीचा सैनिक पाठलाग करीत होते. गोळी लागून तो तरुण मेला, मोटार भरकटली आणि त्या आईची तीन मुले तिच्याखाली सापडून गेली. मुलांची मावशी मेरेड कॉरिगन आणि अपघात डोळ्यांनी पाहणारी बेटी विल्यम्स या दोघी पुढे आल्या. त्यांच्या हाकेला ओ देऊन हजारो बायका, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, एकत्र रस्त्यावर चालल्या. १९७६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्या दोघींना मिळाले. मोर्चे थोर होते, परंतु ज्यांच्या हाती बंदूक होती ते त्या मोर्च्यांत नव्हते. बंदुका चालूच राहिल्या.

ब्रिटनचे उघड धोरण दहशतवाद्यांशी बोलणार नाही असेच होते. १२ ऑक्टोबर १९८४ रोजी ब्रायटन येथील हॉटेलात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मारण्यासाठी आय.आर.ए.ने बॉम्ब ठेवला. त्या वाचल्या, पाच जण मेले. १९८८ साली तर आय.आर.ए.चा राजकीय पक्ष शिन फेन याच्या पुढाऱ्यांचा आवाजही रेडिओ-टेलिव्हिजनवर ऐकवण्याची बंदी झाली. मग त्यांचे शब्द नट म्हणून दाखवीत. सहा वर्षे हा प्रकार चालला.

पडद्यामागे मात्र दुसरेच चालले होते. दोन घरांचा अबोला असला तरी एखादी शेजारीण दोन्हीकडे जात-येत असते आणि इकडचा निरोप तिकडे पोचवते. डेरी शहरातील ब्रेंडन डडी नावाच्या एका व्यापाऱ्याने ब्रिटिश सरकार आणि आय.आर.ए. यांच्यात हे काम वर्षानुवर्षे केले. १ नोव्हेंबर १९९३ रोजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी पार्लमेंटात सांगितले की अशा माणसांसमोर बसून बोलायचे म्हटले तर आपल्याला मळमळेल. त्याच महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्राने उघडकीस आणले की त्यांच्याच सरकारचे आय.आर.ए.शी गुप्त दळणवळण होते. लोकांना राग आला तो बोलण्याचा तितका नाही, जितका आपल्यापासून लपवल्याचा. माझ्या मते तो राग रास्त होता.

उघडपणे बोलण्याची जोखीम घेतली ती जॉन ह्यूम यांनी. ते कॅथलिकांचे पुढारी होते, पण आयुष्यभर हिंसेच्या विरुद्ध उभे राहिले. १९८८ पासून ते शिन फेनचे जेरी अ‍ॅडम्स यांना भेटत राहिले. स्वपक्षीयांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यांना वाटेल ते बोलून घेतले. तरीही ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आय.आर.ए.ने युद्धबंदी जाहीर केली, आणि ऑक्टोबरमध्ये प्रॉटेस्टंट टोळ्यांनीही. युद्धबंदी फेब्रुवारी १९९६ मध्ये मोडली, लंडनच्या गोदी भागात बॉम्ब फुटून दोघे मेले, आणि जुलै १९९७ मध्ये ती पुन्हा लागू झाली. हे सारे सांगण्याचे कारण असे की ही बोलणी सरळ रेषेत कधीच गेली नाहीत.

अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांना मध्यस्थ नेमले होते. त्यांनी आत येणाऱ्या प्रत्येक पक्षासाठी अटी घातल्या. केवळ शांततेचा मार्ग मान्य करायचा, शस्त्रे टाकण्याचे तत्त्व मानायचे, त्यावर त्रयस्थाची देखरेख मानायची, आणि झालेला करार पसंत नसला तरी तो बदलण्यासाठी बळ वापरायचे नाही. बैठकीला कोण बसणार हे मे १९९६ मध्ये निवडणुकीने ठरायचे होते.

भगिनींनो, येथून पुढची हकीकत खास आपल्यासाठी आहे. उमेदवारांच्या याद्यांत बायका जवळजवळ नाहीतच, असे तेथील स्त्रियांच्या ध्यानात आले. त्यांनी पक्षांना विनवले, उपयोग झाला नाही. तेव्हा निवडणुकीला अवघे काही आठवडे उरले असता त्यांनी स्वतःच पक्ष काढला. त्याचे नाव उत्तर आयर्लंड महिला आघाडी. त्यांना जेमतेम शेकडा एक मत मिळाले. परंतु पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा देण्याचा नियम होता, आणि आघाडी दहांत बसली. मोनिका मॅकविल्यम्स या कॅथलिक प्राध्यापिका आणि पर्ल सेगर या प्रॉटेस्टंट समाजसेविका, अशा दोघी आत गेल्या.

त्यांचे स्वागत कसे झाले म्हणाल, तर सभागृहात त्या बोलायला उठल्या की काही पुरुष सभासद गाईसारखे हंबरत. घरी जाऊन स्वयंपाक करा असा त्याचा अर्थ. त्या डगमगल्या नाहीत. एकमेकांकडे पाठ फिरवून बसणाऱ्या पक्षांचे निरोप त्या इकडून तिकडे नेत. कोणाला बाहेर काढून शांतता टिकणार नाही, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत. आणि जे इतर कोणाच्या यादीत नव्हते ते विषय त्यांनी मांडले. ज्यांची माणसे गेली त्यांचे काय? दोन्ही धर्मांची मुले एका शाळेत केव्हा बसणार? दोन्ही धर्मांची कुटुंबे एका वस्तीत केव्हा राहणार? १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला, तेव्हा त्यात हिंसेला बळी पडलेल्यांचे दुःख मान्य करणारे कलम होते, एकत्र शाळा आणि मिश्र वस्त्यांचा उल्लेख होता, आणि राजकारणात स्त्रियांना पूर्ण व समान वाटा घेण्याचा हक्कही लिहिलेला होता. २२ मे रोजी सार्वमत झाले. उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला.

आता किमतीचे बोलू, कारण ती लपवली तर माझे भाषण खोटे होईल. करारानुसार युद्धबंदी पाळणाऱ्या संघटनांचे कैदी दोन वर्षांत सुटायचे होते. चारशेंहून अधिक सुटले. त्यांत खुनाची शिक्षा झालेले होते. ज्यांच्या घरातला माणूस गेला होता त्यांनी ते सुटताना पाहिले. कित्येक विधवांनी सार्वमतात नकार दिला, आणि कित्येकींनी रडत होकार दिला. दोघींनाही मी नमस्कार करीन.

दुसरे उदाहरण जीन मॅककॉनव्हिल हिचे. दहा मुलांची ही विधवा आई. डिसेंबर १९७२ मध्ये आय.आर.ए.ने तिला बेलफास्टच्या राहत्या घरातून मुलांदेखत नेले. ती परत आली नाही. ती कुठे आहे हे मुलांना सव्वीस वर्षे कोणी सांगितले नाही. करारानंतर, १९९९ साली, आय.आर.ए.ने तिला मारल्याचे प्रथम कबूल केले. अशा नाहीशा झालेल्या माणसांचे देह शोधण्यासाठी दोन्ही सरकारांनी एक आयोग नेमला. त्याची अट अशी की आयोगाला मिळालेली माहिती न्यायालयात पुरावा म्हणून वापरायची नाही. म्हणजे देह मिळेल, पण त्या माहितीने मारेकरी सापडणार नाही. जीनचा देह २००३ साली एका समुद्रकिनाऱ्यावर मिळाला आणि मुलांनी आईला मूठमाती दिली. आयोगाच्या यादीतील बहुतेकांचे देह आजवर मिळाले आहेत. न्याय हवा की आईचे शव हवे, ही निवड कोणावरही येऊ नये. पण बोलणी झालीच नसती, तर त्या मुलांना दोन्हींपैकी काहीच मिळाले नसते.

करारानंतर लगेच सारे शांत झाले असेही नाही. १५ ऑगस्ट १९९८ रोजी करार न मानणाऱ्या एका फुटीर गटाने ओमा या गावी बाजाराच्या वेळी बॉम्ब फोडला. एकोणतीस माणसे गेली, आणि त्यांतील एका गरोदर बाईच्या पोटातली जुळी बाळेही. लोक म्हणाले, पाहा, बोलण्याचे हेच फळ. पण या वेळी दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी त्या कृत्याचा धिक्कार केला आणि करार मोडू दिला नाही. आय.आर.ए.ची शस्त्रे नष्ट झाल्याची ग्वाही कॅनडाच्या एका सेनापतीच्या आयोगाने दिली ती २००५ साली. तेव्हा एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट धर्मगुरू साक्षीला होते. आणि मे २००७ मध्ये, ज्यांनी आयुष्यभर कराराला विरोध केला ते प्रॉटेस्टंट पुढारी इयन पेस्ली आणि एकेकाळचे आय.आर.ए.चे सेनानी मार्टिन मॅगिनेस हे एकत्र सरकार चालवू लागले.

आपल्याला ठाऊक असलेले एक नाव या कथेत आहे. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना २७ ऑगस्ट १९७९ रोजी आय.आर.ए.ने बोटीत बॉम्ब ठेवून मारले. त्यांच्यासोबत दोन कोवळी मुलेही गेली. माउंटबॅटन हे राणी एलिझाबेथ यांच्या पतीचे सख्खे मामा. २७ जून २०१२ रोजी बेलफास्टमध्ये राणीने मार्टिन मॅगिनेस यांच्या हातात हात दिला. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक. आजही बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांच्या मधल्या उंच भिंती ठिकठिकाणी उभ्या आहेत, आणि त्यांचे विधिमंडळ मधून मधून बंदही पडले आहे. पण तीस वर्षे चालली तशी कत्तल पुन्हा झालेली नाही.

आता उलट उदाहरण पाहू. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. अमेरिकेचे सैन्य चौदा महिन्यांत परत जाणार, आणि तालिबानचे पाच हजारांपर्यंत कैदी सुटणार, असे ठरले. हे कैदी काबूलच्या सरकारच्या तुरुंगात होते, आणि ते सरकार करारात नव्हते. स्त्रियांच्या शिक्षणाविषयी, हक्कांविषयी त्या कागदावर एक शब्द नव्हता. सप्टेंबरमध्ये अफगाण सरकारची माणसे बोलायला बसली तेव्हा त्यांच्या एकवीस जणांत चार स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी फौजिया कुफी यांच्यावर आदल्याच महिन्यात गोळीबार झाला होता, तरी त्या गेल्या. पण मुख्य देणेघेणे आधीच होऊन चुकले होते. तालिबानच्या बाजूला एकही स्त्री नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. मार्च २०२२ मध्ये मोठ्या मुलींच्या शाळा उघडण्याचा दिवस ठरला होता. मुली दप्तर घेऊन गेल्या आणि त्यांना घरी पाठवण्यात आले. डिसेंबरमध्ये विद्यापीठेही त्यांना बंद झाली.

दोन्हीकडे बोलणी झाली, दोन्हीकडे कैदी सुटले. मग फरक कुठे? बेलफास्टच्या बैठकीत ज्यांना त्या कराराखाली जगायचे होते ती माणसे बसली होती, आणि शेवटी प्रत्येकाने मत दिले. दोह्यात दुसऱ्याच्या घराचा सौदा तिसऱ्यानेच केला. आता पुन्हा म्युनिककडे पाहा. जेथे चेकोस्लोव्हाकियाची वाटणी झाली त्या खोलीत चेकोस्लोव्हाकियाचा कोणी नव्हता. त्यांच्या प्रतिनिधींना बाहेर थांबवून नंतर निर्णय सांगितला गेला. हिटलरवर विश्वास ठेवणे ही चूक होतीच. पण ज्याचे घर होते त्याला न विचारता ते देऊन टाकणे ही त्याच्या आधीची चूक होती.

आपल्या देशातही एक चांगले उदाहरण आहे. १९६६ साली मिझो नॅशनल फ्रंटने लालडेंगा यांच्या पुढारपणाखाली बंड केले. सरकारने सैन्य पाठवले, ऐझॉल शहरावर विमानांतून हल्ला झाला, आणि गावेच्या गावे उठवून रस्त्याकडेला वसवली गेली. वीस वर्षे मिझो घरांनी ते सोसले. ३० जून १९८६ रोजी करार झाला. बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि १९८७ साली मिझोराम घटक राज्य झाले. लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि १९८९ च्या निवडणुकीत हरले. त्या करारावर भारत सरकारतर्फे सही करणारे गृहसचिव राम प्रधान हे आपले मराठी गृहस्थ. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पोलीस कुठे कमी पडले हे तपासण्यासाठी महाराष्ट्र सरकारने समिती नेमली, तिचेही अध्यक्ष राम प्रधानच होते. बोलणे आणि राखण करणे ही परस्परविरुद्ध कामे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्या भगिनीच्या प्रश्नाला आता मी उत्तर देते. टर्मिनसवर जे बंदुका घेऊन आले त्यांच्याशी बोलण्यासारखे काहीच नव्हते. त्यांना तुझ्या दिराकडून काही मागायचे नव्हते. तेथे पोलीस, सैनिक आणि न्यायालय यांचेच काम होते, आणि ते त्यांनी केले. त्यांना पाठवणाऱ्यांना सजा मागण्याचा तुझा हक्क कोणत्याही वाटाघाटीने संपत नाही. परंतु उद्या सरकार कोणाही शत्रूशी बोलायला निघाले, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, समोरच्याच्या पाठीमागे अशी काही माणसे आहेत काय, की जी भांडण मिटल्यावरही आपली शेजारी म्हणून राहणार आहेत? असतील तर आज ना उद्या बोलावेच लागते. केवळ पैसा आणि हुकूम पाठीमागे असेल, तर ती बोलणी नव्हेत, खंडणी होय.

दुसरी, बोलणी चालू असता बंदूक खाली आहे काय, आणि ती खाली असल्याचे पाहणारा त्रयस्थ कोण? हे ठरले नसेल तर घाई करू नये.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ज्यांचे रक्त सांडले आणि ज्यांना त्या कराराखाली जगायचे आहे, ती माणसे खोलीत आहेत काय? त्यांत बायका आहेत काय? नसतील तर तो करार कितीही सुबक अक्षरांत लिहिलेला असो, तो आपला नाही.

या तीन प्रश्नांसाठी आपल्याला मंत्री व्हावे लागत नाही. निवडणुकीच्या सभेत ते विचारता येतात, आणि मुलांबरोबर वर्तमानपत्र वाचताना त्यांची चर्चा करता येते. बोलायचे म्हणणारा प्रत्येक जण फितूर नसतो, आणि बोलू नये म्हणणारा प्रत्येक जण रक्तपिपासू नसतो. एवढे जरी आपल्या घरांत मानले गेले तरी पुष्कळ झाले. आपल्या वाचनवर्गात पुढील महिन्यापासून या विषयावरची चर्चा चालू ठेवावी, आणि ज्यांना माझे म्हणणे पटले नाही त्यांनी पहिल्यांदा बोलावे, अशी माझी विनंती आहे.